तीन मिनिटं आणि एक तांब्या

११ ऑगस्ट १९८६, सोमवार

या शंभर पानी वहीच्या कोऱ्या ओळींनो,

तुमची आणि माझी तक्रार एकच आहे — आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही. तुम्ही तीन वर्षं गुरूच्या ड्रॉवरमध्ये पडून होतात, मी तीन आठवडे गुरूच्या घरात पडून आहे. तेव्हा आजपासून मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. अध्यक्ष नको, हार नको, आभारप्रदर्शन तर मुळीच नको.

इथे बोलायला माणूसच नाही. गुरू — गुरुदत्त, माझा एकुलता एक मुलगा — गॅस कंपनीत जिऑलॉजिस्ट आहे. सकाळी सहाला जीप काढून रिगवर, म्हणजे जमिनीत भोक पाडायच्या यंत्रावर जातो. वीणा, माझी सून, या गावातल्या एकुलत्या एक दवाखान्यातली एकुलती एक डॉक्टर. ती साडेसातला जाते. मागे उरतो न्यू मेक्सिको. तांबडी माती, राखाडी झुडपं, कोरडे ओढे आणि आकाश. एवढं आकाश कोणाला हवं असतं?

अकोल्यात मी चाळीस वर्षं बोलले. दारूवर बोलले, हुंड्यावर बोलले, रॉकेलच्या टंचाईवर बोलले, शिक्षकांच्या पगारावर तर शाळेच्या गच्चीवरून बोलले. माझा घसा बसला असेल, मी कधी बसले नाही. आणि इथे काल दिवसभरात मी एकूण सात वाक्यं बोलले. त्यातलं एक पोळीला उद्देशून होतं.

१३ ऑगस्ट

आज शेजारी भेटले. शेजारी म्हणजे दोन मैलांवरचे.

फिरायला गेले होते. तारेच्या कुंपणाला लोखंडी फाटक, सताड उघडं. विसरलं असेल कोणी म्हणून मी ते लावलं, कडी घातली आणि पुढे गेले. परत येते तर फाटकापाशी साठ-सत्तर गाई. सगळ्या माझ्याकडे तोंड करून हंबरत होत्या. न बोलावता एवढा जमाव मला अकोल्यातही कधी जमला नव्हता. दोन शब्द बोलावेत की काय, असं मनात येतंय तोवर धूळ उडवत एक पिकअप आला. आतून टोपीवाला म्हातारा उतरला. माझ्याच वयाचा, म्हणजे म्हातारा म्हणायला नको.

"मॅडम, फाटक तुम्ही लावलंत?"

"हो," मी म्हटलं. अभिमानानंच.

"पाण्याचं टाकं पलीकडे आहे. इथे फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं असतं. उघडं तर उघडं, बंद तर बंद."

मला राहवलं नाही. म्हटलं, "जे जसं आहे ते तसंच ठेवा, हे तर प्रत्येक सनातनी माणसाचं म्हणणं असतं. मी चाळीस वर्षं याच्याविरुद्ध बोलतेय."

त्यानं टोपी मागे सरकवली. प्रामाणिकपणे विचार केला. "असेलही. पण गाईंना तहान लागलीय."

मुद्दा बिनतोड होता. फाटक मीच उघडलं.

त्याचं नाव एल्मर टॅलबट. मी माझं सांगितलं — सुहासिनी वझलवार. दोनदा सांगितलं. तो मला "मिसेस वॉशर" म्हणतो.

१७ ऑगस्ट, रविवार

टॅलबटांकडे गेले होते. एल्मरच्या बायकोनं, लॉइसनं, मुद्दाम बोलावलं होतं. प्रेमळ बाई. केक दिला, कॉफी दिली, पुन्हा केक दिला. पाणी मात्र विचारलं नाही!

दोन मैल उन्हातून चालत गेलेलं माणूस. मी शेवटी तोंडानं मागितलं. म्हटलं, "मला नुसतं पाणी द्या." लॉइसनं एल्मरकडे पाहिलं. एल्मरनं खिडकीबाहेर पाहिलं. मग लॉइस म्हणाली, "सेव्हन-अप चालेल?"

जेवताना मी हे सांगितलं. म्हटलं, "आपल्याकडे दारात आलेल्या पोस्टमनलासुद्धा आधी पाणी विचारतात. मग पत्र. ही कसली संस्कृती?"

"आई, इथे पद्धत नाही तशी," वीणा म्हणाली.

गुरूनं पडवळाची भाजी पुन्हा मागून घेतली. त्यानं पडवळ आजवर एकदाही मागितलेलं नाही.

१९ ऑगस्ट

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून माझ्या मैत्रिणीचा, शोभाचा फोन. गणपतीत ये म्हणते, भाषण ठेवू. किती वेळ, विचारलं. "दहा मिनिटं, सुहास. मागून मुलांचा फॅन्सी ड्रेस आहे ना." नाही म्हटलं. दहा मिनिटांत मी फार तर चष्मा काढून पुसते.

२३ ऑगस्ट

आज लॉइस स्वतः गाडी घेऊन आली. "त्या दिवशी तुम्हाला पाणी नाही दिलं. मला तेव्हापासून झोप नाही. चला, दाखवते."

स्वयंपाकघरात नेऊन तिनं नळ सोडला. आधी गोटी सोड्याची बाटली फुटावी तसा आवाज. मग पाणी आलं, पांढरं, फसफसतं. भांड्यात ठेवल्यावर हळूहळू निवळलं. पण वास! नासक्या अंड्यांचा. मी पदर नाकाला लावला. तिला ते दिसलं आणि तिची मान खाली गेली. घराची लाज वाटावी तशी त्या बाईला पाण्याची लाज वाटत होती, आणि मी आठवडाभर तिच्या संस्कृतीवर बोलत होते.

एप्रिलपर्यंत पाणी गोड होतं. एप्रिलमध्ये त्यांच्या विहिरीपासून अर्ध्या मैलावर कंपनीनं गॅससाठी भोक पाडलं. मे महिन्यात नळ फसफसायला लागला. गाई तोंड लावीनात. आता एल्मर रोज बावीस मैलांवरून टँकरनं पाणी आणून टाक्यात ओततो. तो त्या दिवशी मला भेटला ते टाकं भरूनच येत होता. मी फाटक लावून त्याच पाण्याची वाट अडवली होती.

"तुमच्या जमिनीत भोक पाडायला तुम्ही परवानगी दिलीतच कशी?" मी एल्मरला विचारलं.

"जमीन माझी. तिच्या पोटातलं माझं नाही. ते आजोबांच्याही आधी कोणीतरी विकून टाकलं." म्हणजे घर माझं, पण तळघराची किल्ली दुसऱ्याकडे, आणि तो वाटेल तेव्हा माझ्या देवघरातून खाली उतरणार. असा कायदा करायला फार हुशार माणसं लागतात.

कंपनीला इथे गॅसच्या आणखी तीन विहिरी पाडायच्यात. २५ सप्टेंबरला परवाना समितीची सुनावणी आहे. परवाना मिळाला तर टॅलबट ऑक्टोबरमध्ये गाई विकणार. रोज बावीस मैल हिवाळ्यात जमायचे नाहीत.

कंपनीचा कागद एल्मरनं दाखवला. "टॅलबट यांच्या विहिरीचं पाणी माणसांना व जनावरांना पिण्यायोग्य आहे." खाली सही.

जी. वझलवार.

एल्मर टोपी हातात फिरवत म्हणाला, "मुलगा चांगला आहे तुमचा. मला भेटला की खाली बघतो."

२४ ऑगस्ट

गुरूशी बोलले. बोलले म्हणजे आम्ही दोघंही उभे होतो आणि वीणा मध्ये.

"मी खोटं लिहिलेलं नाही, आई. सॅम्पल जानेवारीचं आहे. रिग एप्रिलमध्ये आली. तेव्हा पाणी चांगलंच होतं."

"मग तारीख कुठाय?"

"दुसऱ्या पानावर. कंपनीनं समितीला पहिलंच पान पाठवलंय."

"आणि तुझं तोंड कितव्या पानावर आहे?"

तो खुर्चीत बसला. "नोव्हेंबरमध्ये ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू आहे. सगळे कागद कंपनीच्या नावावर. तू भाषण करशील, टाळ्या घेशील आणि दहा ऑक्टोबरला विमानात बसशील. मला इथेच राहायचंय, यार."

"आईला यार म्हणतोस?"

"सॉरी."

वीणानं मध्येच वरणाचं पातेलं आणून टेबलावर ठेवलं. म्हणाली, "गार होतंय." कोणाबद्दल म्हणाली कळलं नाही.

२६ ऑगस्ट

आज दिवसभर बोलले नाही. वीणा थर्मामीटर घेऊन आली.

३१ ऑगस्ट

मुलाविरुद्ध आई बोलली, अशी बातमी छान होते. अकोल्यात मी अशा आयांचे सत्कार केलेत. त्यांना घरी गेल्यावर जेवायला कोणी वाढलं, हे मी एकदाही विचारलं नाही.

२ सप्टेंबर

लॉइस आली होती. सुनावणीत ज्यानं त्यानं नाव नोंदवायचं आणि बोलायचं. तिनं आपलं नोंदवलंय, पण आतापासूनच तिची जीभ टाळूला चिकटते. "मी गाईंशी बोलते, एल्मरशी बोलते. माणसांशी नाही जमत. माझ्या वाट्याचं तुम्ही बोलाल?"

विचार करते म्हटलं. मग विचारलं, "वेळ किती?"

"तीन मिनिटं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण तीनच. टेबलावर तीन दिवे असतात. हिरवा, पिवळा, लाल. लाल लागला की बसायचं. अकोल्यात "वेळ संपली"च्या चिठ्ठ्या यायच्या. मी त्या न वाचता पर्समध्ये टाकायचे. घरी येऊन वाणसामानाच्या याद्या पाठीमागे लिहायचे. दिवा पर्समध्ये कसा टाकणार?

४ सप्टेंबर

बोलणार. गुरूला सांगितलं. तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत होता. मग म्हणाला, "बोल. फक्त माझं नाव घेऊ नकोस."

"घेणार नाही. पण तुझं आडनाव माझंही आहे. मला तर दिव्याखाली उभं करून आधी तेच विचारतील."

६ सप्टेंबर

पहिली तालीम. टॅलबटांच्या कुंपणापाशी, गाईंसमोर. उत्तम श्रोते. रवंथ करतात, पण मध्येच उठून चहाला जात नाहीत. वीणाला सुट्टी होती, ती दवाखान्यातलं घड्याळ घेऊन बसली. भाषण सत्तेचाळीस मिनिटं झालं.

"आई, तुमचं 'अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर' इथपासून 'माझ्या बंधुभगिनींनो' इथपर्यंतच तीन मिनिटं चाळीस सेकंद होतात."

म्हणजे नमस्कार करतानाच लाल दिवा!

१५ सप्टेंबर

नऊ मिनिटांवर आणलं. गावच्या लायब्ररीतून पाण्यावरची तीन जाड पुस्तकं आणली होती, त्यांतलं सगळं काढलं. रोमचे कालवे काढले. वेदातल्या नद्या काढल्या, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. भगिनी काढल्या. भगिनी म्हणजे एकटी लॉइसच आहे.

२० सप्टेंबर

सहा मिनिटं. आता ते भाषण राहिलेलं नाही, तार झालीय.

२४ सप्टेंबर

सर्दी झाली. नाक पार चोंदलंय, आवाज पिंपातून यावा तसा. मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरले.

दुपारी झोपून विचार करत होते. व्यासपीठावर वक्त्यासाठी पाण्याचा तांब्या असतो, वर फुलपात्र पालथं घातलेलं. नेमक्या जागी थांबून दोन घोट प्यायचे — टाळ्या त्यानंतर येतात. हे कुठल्याही पुस्तकात नाही, पण प्रत्येक वक्त्याला माहीत असतं. उद्या तिथे तांब्या कुठला? आणि मग एकदम सुचलं. उठून बसले. सहा पानं फाडून टाकली.

लॉइसला फोन केला. संध्याकाळी तिनं माझा तांब्या स्वतःच्या नळाखाली भरून आणून दिला. ओट्यावर झाकून ठेवलाय. वीणाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि खरंच कोणी प्यायलं तर?"

"कोण पिणार?" मी म्हटलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

शाळेच्या जिममध्ये सुनावणी. बास्केटबॉलच्या रिंगखाली लांब टेबल, त्यामागे समितीचे चौघे. अध्यक्षांच्या भिवया एवढ्या जाड की त्यांना वेगळी खुर्ची द्यायला हवी. उजवीकडे कंपनीची माणसं, चकचकीत बुटांचा वकील, आणि कडेच्या खुर्चीत गुरू. निळा शर्ट. मीच आणला होता अकोल्याहून.

लॉइस टॅलबटचं नाव पुकारलं. मी उठले. नऊवारी नाही, साधी पाचवारी, हातात तांब्या. हिरवा दिवा लागला. आणि मी बोलले ते एवढंच:

"आमच्या देशात घरी आलेल्याला आधी पाणी देतात, मग बोलतात. आज टॅलबटांच्या वतीनं मी यजमान आहे. त्यांच्या विहिरीचं पाणी आणलंय. आपण प्या, मग मी बोलते."

चार कागदी कप त्यांच्यासमोर मांडले. भरले. आणि गप्प उभी राहिले.

ओळींनो, चाळीस वर्षांत मी सभेत गप्प उभी राहिलेली नाही. फार अवघड असतं. एका सभासदानं कप उचलून आत पाहिलं आणि ठेवला. एकीनं कप दोन बोटं लांब सरकवला. अध्यक्षांनी नाकाशी नेला, भिवया वर गेल्या, तोंड वाकडं झालं. "वास बराच उग्र आहे," ते शेजारच्याला म्हणाले. बुडबुडे मात्र दिसत नव्हते. रात्रभरात निघून गेले असणार.

वकील उठला. पुढे येऊन त्यानं एक कप हुंगला. "अध्यक्षमहोदय, याला कसलाही वास नाही."

सगळी जिम हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "मग पी की!" त्याला अचानक आपली फाइल आठवली.

पिवळा दिवा. अध्यक्ष म्हणाले, "कंपनीचा अहवाल पाणी पिण्यायोग्य म्हणतो. तो ज्यांनी लिहिला ते इथे आहेत का?"

गुरू उठला. एवढ्या लांबून त्याचा चेहरा मला वाचता आला नाही. तो चालत माझ्यापाशी आला. कप संपले होते, मी फुलपात्र भरलं. सवयीनं भरलं. त्यानं हात पुढे केला, शाळेतून घरी आल्यावर दप्तर न काढता करायचा तसाच.

"दे, आई," मराठीत म्हणाला.

मला माहीत होतं, हा पिणार. कार्डासाठी पिणार, सहीसाठी पिणार, माझ्यावरच्या रागानं पिणार. फुलपात्र त्याच्या बोटांना लागलं.

आणि मी ते मागे ओढलं. सगळं पाणी माझ्या साडीवर.

"नको रे."

मी हे ठरवलं नव्हतं. उद्या कोणी नाटक म्हणेल, म्हणू दे. हात आपोआप मागे आला. माझं आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण, दोन शब्दांचं, तेही मराठीत, आणि एकालाही भाषांतर लागलं नाही. मग लाल दिवा लागला.

गुरू तसाच उभा होता, हात पुढे. हळूहळू त्यानं तो खाली घेतला आणि समितीकडे वळला. "सर, माझ्या रिपोर्टला दुसरं पान आहे. ते तुमच्यापर्यंत आलेलं नाही. सॅम्पल जानेवारीचं आहे."

त्याचे दिवे कोणी लावलेच नाहीत. तो अकरा मिनिटं बोलला. चांगला बोलतो. हातवारे माझेच आहेत.

२६ सप्टेंबर

समिती स्वतःचा माणूस पाठवणार. टॅलबटांच्या नळाचं पाणी तो स्वतः बाटलीत भरून नेणार. निकाल त्यावर. कालच्या कपांवर नाही. हेच योग्य.

२९ सप्टेंबर

कंपनीनं गुरूला रिगवरून काढून ऑफिसात बसवलंय. जुन्या नकाशांना नंबर घालायचं काम. कार्डाच्या कागदांचं काय, ते कोणी सांगत नाही.

वीणा म्हणाली, "माझ्या क्लिनिकला डॉक्टर मिळत नाहीत. ते माझ्यासाठी अर्ज करायला तयार आहेत. मग हा माझ्या नावावर राहील."

गुरू म्हणाला, "म्हणजे मी डिपेंडंट?"

"वरणभात तुला येतोच," ती म्हणाली. महिन्याभरानं तिघं एकत्र हसलो.

७ ऑक्टोबर

निकाल आला! टॅलबटांच्या पाण्यात गॅस सापडला. तीन विहिरींचा परवाना नामंजूर. कंपनीनं टॅलबटांच्या दारात चांगलं पाणी आणून द्यायचं, विहीर सुधारेपर्यंत रोज. गाई विकायच्या नाहीत.

एल्मर टोपी काढून दारात उभा होता. "मिसेस वॉशर, तुम्ही बोललात छान." मी काय बोलले होते? पण शहाण्या माणसानं कौतुक दुरुस्त करू नये. लॉइसनं आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाणी मागितलं. मी तांब्यातून दिलं. ती गटागटा प्यायली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी बॅग भरत होते. वीणानं तांब्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि तशीच उभी राहिली.

"आई, एक सांगायचंय. रागावू नका. सुनावणीच्या दिवशी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी तांब्या ओतून टाकला होता. आपल्या नळाचं भरलं. कोणी खरंच प्यायलं असतं तर? माझ्या दवाखान्यात कॉटा दोनच आहेत."

म्हणजे अध्यक्षांचं तोंड वाकडं झालं ते आमच्या स्वयंपाकघरातल्या पाण्यानं. माझा हात मागे आला तोही त्याच पाण्यावरून. माझं नाक चोंदलेलं, बाकीच्यांची शाबूत. त्या अख्ख्या जिममध्ये पाण्याबद्दल खरं बोलला तो एकच माणूस. कंपनीचा वकील.

ओळींनो, हे फाटक बंद सापडलंय. बंदच ठेवा.